व्हायोलिनचं मोशन ट्रॅकिंग करताय? या चुका टाळा

जानेवारी लागला की फायनल इयरचे पोट्टे माझ्याकडे यायला लागतात. "दादा, ॲप बनवून राहिलो, मोबाईलसमोर व्हायोलिन वाजवलं की किती येतं त्याचा स्कोअर देईल." सेन्सरचं काम माझं पोटापाण्याचं, व्हायोलिन नागपूरच्या धरमपेठेत शिकलो (हात अजून कच्चाच आहे), म्हणून दोन्हीकडचं थोडंथोडं कळतं. पण दरवर्षी त्याच त्या चुका पाहून आता वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे स्मूथनेस. कुठंतरी वाचलेलं असतं की कसलेल्या वादकाचा हात सफाईनं चालतो, झटके कमी, मग काय, मनगटाचा जर्क (हालचालीत किती झटके आहेत ते सांगणारा आकडा) काढायचा, कमी आला की वादक भारी. हा प्रकार मी स्वतः केलाय. माझ्या गुरुजींना बसवलं, चाळीस वर्षं वाजवतात ते, त्यांनी द्रुत गत धरली, गमकाच्या, म्हणजे स्वर जोरात हलवत, ताना घेतल्या. शेजारी चार महिने शिकलेली एक पोरगी, तिनं मोकळ्या तारेवर सा लावून सावकाश लांब गज ओढला. स्कोअर आला तर पोरगी पहिली आणि गुरुजी नापास. गुरुजी हसून म्हणाले, "मग उद्यापासून मी हिच्याकडे येतो शिकायला." मी लॅपटॉप मिटून गपचूप चहा सांगायला गेलो.

झालं असं, की जर्क म्हणजे पोझिशनचं तिसरं डेरिव्हेटिव्ह (जागेवरून वेग, वेगावरून त्वरण, त्वरणावरून जर्क), प्रत्येक डेरिव्हेटिव्हला नॉईज, म्हणजे मापातली बारीक गडबड, फुगतो आणि मोबाईलच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत मनगटाचा पॉइंट मुळातच थरथरत असतो. वरून गमक आणि 'झाला' (शेवटी जलद गज मारत वाजवतात तो भाग) हे सगळे मुद्दाम दिलेले झटके, ते कमवायला वर्षं जातात आणि आपलं ॲप त्याचेच मार्क कापतं. मग कोणीतरी हुशार ६ हर्ट्झचा लो-पास फिल्टर (सेकंदाला सहापेक्षा जास्त वेळा होणारी हालचाल गाळणारा) लावून मोकळा होतो. अरे पण व्हायब्रेटोच (बोट हलवून स्वराला दिलेला कंप) साधारण ५ ते ७ हर्ट्झवर असतो ना, जे मोजायचं तेच पुसून टाकलं! माझी सवय सांगतो, सगळ्यांना तीच सरगम, तीच लय, मेट्रोनोम लावून, एका गजात तेवढेच स्वर, आणि कोड लिहायच्या आधी कच्चा ग्राफ डोळ्यांनी पाहायचा, सोबत ऑडिओ ऐकत. याला एक अख्खी दुपार जाते. तेवढा धीर नसेल तर दुसरा प्रोजेक्ट घ्या बाबा.

दुसरी चूक खास आपल्या उन्हाळ्याची. एप्रिलमध्ये मनगटावर आयएमयू (हालचाल आणि दिशा मोजणारा छोटा सेन्सर) बांधून रेकॉर्डिंग करत होतो, खिडकीत लोखंडी कूलर. डेटात जो तो गज तिरकाच ओढतोय. दोन दिवस मी लोकांना "गज घोडीला (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीला) समांतर ठेवा" म्हणून पिडलं. तिसऱ्या दिवशी सेन्सर टेबलावर ठेवला आणि न वळवता नुसता कूलरकडे सरकवत नेला, तर स्क्रीनवर दिशा फिरत चालली. आयएमयूतला मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्रच, उत्तर दिशा शोधणार आणि बाजूला लोखंडाची पेटी अन् मोटर, तो तरी काय करेल बिचारा. तेव्हापासून मी मॅग्नेटोमीटर बंदच ठेवतो, छोटे छोटे तुकडे रेकॉर्ड करतो आणि प्रत्येकाच्या आधी गज तारेवर स्थिर ठेवून शून्य धरतो. कूलरच्या दमट हवेनं गजाचे केसही ढिले पडतात ते वेगळंच, ताण पुन्हा पाहून घ्या.

आणि गजाचा कोन जमिनीशी मोजू नका, व्हायोलिनशी मोजा. आपल्याकडे मांडी घालून, स्क्रोल (व्हायोलिनचं वळलेलं टोक) उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवतात, पाय जरा हलला की अख्खं वाद्य हलतं. मीडियापाइप (व्हिडिओतून हात ओळखणारं सॉफ्टवेअर) हाताचे २१ पॉइंट देतो, त्यात गज कुठंच नाही, तरी पोट्टे मनगटावरून गजाचा अंदाज बांधत बसतात. गजावर दोन अन् व्हायोलिनवर दोन रंगीत टेप लावा, दहा रुपयांचं काम आहे.

गजाच्या टोकाला सेन्सर चिकटवू नका, गजच मुळात ६० ग्रॅमच्या आसपास, तोल बिघडतो. सेल्फी कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटतं, तपासा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नाहीतर ऑडिओ आणि व्हिडिओ जुळवताना रडाल.

"ॲक्युरसी जवळपास शंभर टक्के" म्हणून कोणी नाचत आलं की मी एकच विचारतो, त्याच माणसाच्या क्लिप ट्रेनमध्येही (मॉडेलला शिकवताना) आणि टेस्टमध्येही (त्याची परीक्षा घेताना) आहेत का? असतातच. मग तुमचं मॉडेल वादन नाही, त्याचा पिवळा कुर्ता ओळखतंय. अख्खा माणूसच ट्रेनच्या बाहेर ठेवून त्याच्यावर टेस्ट करा. आणि कोण चांगलं वाजवतं हे ठरवायला निदान तीन जाणकार लागतात, त्यांना फक्त ऑडिओ ऐकवा, तोंड दाखवू नका, नाहीतर प्रत्येक जण आपल्याच शिष्याला वर चढवतो.

मार्च ते जून रेकॉर्डिंग सकाळी सातलाच उरका. नंतर घामानं टेप निघतात.