हर्णैच्या लिलावात कॅमेरा लावताना

मी आधी टीव्हीवर निवेदिका, मग माहितीपटवाली. मधे पोटासाठी लग्नांचं शूटिंगही केलं, त्यात लाज कसली! कोकणातल्या दापोलीजवळच्या हर्णैच्या किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव टिपायचा असेल तर आधी तारखा बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते.

दुपारी चारच्या आत पोचा. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या. टोपलीवाल्या मावशींकडून थोडी कोलंबी घ्या, गप्पा मारा. नुसते फोटो काढणारे त्या लांबूनच ओळखतात.

मागे समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला हवा म्हणून सगळे बोलणाऱ्याला समुद्राकडे पाठ करून उभं करतात. मावळतीचं ऊन मागून येतं नि चेहरा काळाठिक्कर! त्याला तिरकं उभं करा, निम्म्या चेहऱ्यावर ऊन पडलं की पुरे. दिवे लागल्यावर शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, म्हणजे चित्र लुकलुकत नाही.

वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी घालाच. लेन्स मात्र वाळूत बदलू नका. मी एकदा बदलली, झूम अजून कर्रकर्र वाजतो. रात्री खारं पाणी ओलसर फडक्याने टिपून घ्या, कोरडं घासू नका.

निवेदकाची खोड म्हणजे शांतता दिसली की बोलायचं. मला ती सोडायला तीन माहितीपट लागले. बोली चालू असताना तुम्ही गप्प बसा. निघताना दोन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा: लाटा, बर्फ फोडणं, होड्यांची इंजिनं. एडिटिंगला बसल्यावर तोच लागतो.