प्रादेशिक शाश्वतता प्रकल्प: या चुका टाळा

एखाद्या प्रदेशातलं पाणी, ऊर्जा, शेती दीर्घकाळ टिकावी म्हणून विद्यापीठ, प्रशासन आणि स्थानिक लोक यांनी मिळून करायचे प्रकल्प बहुधा सुरुवातीलाच फसतात, फक्त ते कळतं शेवटच्या वर्षी.

सर्वांत महाग चूक म्हणजे प्रश्न आधी ठरवून मग लोकांना बोलावणं. निधीच्या अर्जात 'भूजल घटते आहे' असं लिहून झालेलं असतं. पहिल्या बैठकीत शेतकरी मालाच्या भावाबद्दल बोलतात, पाणीपुरवठ्याचा अभियंता गळतीबद्दल, आणि इतिवृत्तात दोन्हींपुढे 'विषयांतर' अशी नोंद पडते. खरं तर भाव मिळतो तो जास्त पाणी पिणाऱ्या पिकालाच, म्हणजे प्रश्नाचं मूळ त्या विषयांतरातच होतं. दुसऱ्या बैठकीला निम्मे लोक आले, तर ही चूक झाली आहे असं समजा. उपाय: एकूण वेळेचा किमान पाचवा भाग प्रश्न मांडण्यासाठीच राखून ठेवा. प्रमुख दोन नेमा, एक संशोधक आणि एक प्रत्यक्ष क्षेत्रातला, आणि खर्चावर दोघांचीही सही लागू द्या. स्थानिक प्रतिनिधींच्या बुडालेल्या कामाच्या दिवसाचं मानधन अंदाजपत्रकात धरा. ते नसेल तर बैठकीला फक्त पगारदार येतात.

दुसरी चूक अभ्यासकांच्या सवयीची आहे. तीन प्रकारचं ज्ञान लागतं: आज काय चाललं आहे, कुठे पोचायचं आहे, तिथवर कसं जायचं. नकाशे आणि गणिती प्रारूपं (मॉडेल्स) करण्यात पहिल्यावरच पैसा संपतो. अपेक्षित निष्पत्ती तीन रकान्यांत लिहून पाहा. तिसरा रकाना जवळपास रिकामा असेल, तर हाती फक्त अहवाल येणार. दुसऱ्या रकान्यासाठी आजचा कल पुढे ओढू नका. २०५० चं हवं ते चित्र ठरवा आणि पाच-पाच वर्षांनी मागे येत, त्याआधी काय झालेलं असायला हवं ते लिहा.

सहभाग मोजताना हजेरीपट पुरत नाही. नागरिकांच्या सहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सहभागाच्या आठ पायऱ्यांच्या शिडीत माहिती देणं आणि मत विचारणं या तिसऱ्या-चौथ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांच्या मते तो दिखाऊ सहभागच. दर बैठकीनंतर एकच नोंद करा: आज कोणता निर्णय बदलला?

आता दुसरीकडच्या यशाची नक्कल. डेन्मार्कचं साम्सो बेट १९९७ मध्ये अक्षय ऊर्जा बेट म्हणून निवडलं गेलं. तिथल्या पवनचक्क्या सगळे पाहतात, पण उभारल्या तेव्हा त्यांत शेतकऱ्यांची आणि रहिवाशांच्या सहकारी गटांची मालकी होती, हे नकलेत गळतं. हिशेबाची हद्दही अशीच निसटते. साम्सोने समुद्रातल्या दहा पवनचक्क्या उभारल्या त्या वाहतुकीच्या तेलाची भरपाई करायला. गाड्या-बोटी मात्र त्यानंतरही बरीच वर्षं मुख्यतः तेलावरच चालत राहिल्या. अशी वजावट चालते, पण काय मोजलं, काय वगळलं आणि ऊर्जेचा ताळेबंद वर्षाचा की तासातासाचा, हे पहिल्या पानावर लिहा.

प्रायोगिक प्रकल्प यशस्वी होऊनही पसरत नसेल, तर तंत्रज्ञान सुधारत बसू नका. अडथळा बहुधा वीजदरात, निविदेच्या अटीत किंवा बांधकाम नियमात असतो. कोणता नियम बदलावा लागेल आणि त्यावर सही कोणाची, हे काम सुरू करण्याआधी शोधा. ती सही प्रदेशाबाहेरची असेल, तर तो विभाग पहिल्या बैठकीपासून टेबलावर हवा.