डब्यातले दिवे लुकलुकतात? या चुका टाळा

मॉडेल रेल्वेच्या एचओ (1:87 प्रमाणाच्या) डब्यात एलईडीची पट्टी लावली, गाडी सोडली आणि दिवे लुकलुकले, की बहुतेक जण रूळ घासायला बसतात. रूळ स्वच्छ हवेतच. पण रुळावरची वीज चाकातून ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) टोकावरून पितळी बेअरिंगमध्ये येत असेल, तर आधी तिथे पाहा. मल्टिमीटरची एक पिन चाकाला, दुसरी बेअरिंगच्या वायरला लावून चाक हळूहळू फिरवा. आकडा उड्या मारू लागला तर दोष डब्यातच आहे.

सगळ्यात जास्त वाट लावतं ते तेल. चाक मोकळं फिरावं म्हणून सढळ हाताने घातलेलं साधं तेल वीज नेत नाही, वर धूळ धरतं. बारीक ठिणग्यांनी त्याची काळी काजळी होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिकने बेअरिंगची वाटी पुसून कोरडी करा. वीजवाहक तेल घालायचंच असेल तर सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. ग्रीस नकोच. (खऱ्या विद्युत इंजिनात प्रवाह बेअरिंगमधून जाऊ नये म्हणून ॲक्सलला वेगळा अर्थिंग ब्रश देतात. आपण मुद्दाम उलटं करतो, तेव्हा थोडी काळजी घ्यायलाच हवी.)

दुसरी चूक चाकं बसवताना होते. पुष्कळ एचओ चाकांच्या जोड्यांत एकच चाक इन्सुलेटेड असतं, दुसरं ॲक्सलशी जोडलेलं. एका बोगीतली (बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट) सगळी जोडलेली चाकं डाव्या रुळावर, तर दुसऱ्या बोगीतली उजव्या रुळावर हवीत. साफसफाईनंतर एखादी जोडी उलटी बसली, की थेट शॉर्ट. आणि दोन्ही चाकं इन्सुलेटेड असलेली जोडी घेतलीत, तर बेअरिंगपर्यंत वीज पोचणारच नाही.

बेअरिंग प्लॅस्टिकच्या बोगीत असताना त्याला सोल्डर करू नका. प्लॅस्टिक मऊ पडतं, बेअरिंग तिरकं होतं. वायर आधी जोडा, मग बेअरिंग बसवा. वायर बारीक आणि लवचीक हवी, नाहीतर वळणावर बोगीच घसरते.

हलक्या डब्यात ॲक्सलची टोकं बेअरिंगमध्ये नीट टेकत नाहीत. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचं वजन 1 औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे 6 इंची डबा सुमारे 113 ग्रॅमचा.

वीज क्षणभर तुटली तरी दिवे चालू ठेवणारा कपॅसिटर शेवटी. डीसीसीवर (रुळांतूनच डिजिटल आज्ञा देणाऱ्या पद्धतीत) त्याच्या चार्जिंगच्या वाटेत रेझिस्टर हवाच. नाहीतर असे चार-पाच डबे एकदम चालू झाले, की कमांड स्टेशन (रुळांना वीज आणि आज्ञा देणारा डबा) शॉर्ट समजून वीज तोडू शकतं.