हँडगन घेऊन विमानाने दुसऱ्या स्टेटमध्ये जायचंय? मग तिकिटाआधी नकाशा उघडा

अमेरिकेत स्वतःची कायदेशीर हँडगन विमानातून नेता येते, त्यात लपवाछपवीचं काही नाही आणि काउंटरवरचं काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. मी टेक्ससमध्ये राहतो, पिस्तूल मॅचेससाठी वर्षातनं तीन-चारदा तरी असा प्रवास होतो. कोणी नवीन माणूस विचारायला आला की बाकीचे त्याला बंदुकीची केस (पेटी) कुठली घे, कुलूप कुठलं घे हे तासभर सांगत बसतात, आणि ज्या गोष्टीमुळे साधा माणूस बेड्या घालून आत जाऊ शकतो तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ती गोष्ट म्हणजे मधला स्टॉप. त्याकडे येतोच.

त्याआधी आपल्या लोकांसाठी एक. तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूकच काय, एक गोळीसुद्धा जवळ बाळगता येत नाही. हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत पण ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून, मित्राला विचारून नाही. ग्रीन कार्ड असेल किंवा सिटिझन असाल तरच पुढचं वाचा.

जिथे जाताय तिथे तुमची हँडगन चालते का ते बघा. टेक्ससचं लायसन्स न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय यातलं कोणी मानत नाही. बंदूक चालली तरी मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा खोका, चालेलच असं नाही, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत १० गोळ्यांची मर्यादा आहे आणि ग्लॉक १७ या पिस्तुलाबरोबर साधारणपणे येतं ते मॅगझिन १७ चं असतं. न्यू जर्सीत हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या) गोळ्यांवर तर आणखी वेगळे निर्बंध आहेत. हे त्या त्या स्टेटच्या पोलिसांच्या किंवा अ‍ॅटर्नी जनरलच्या साइटवर वाचा, आणि दरवेळी नव्याने वाचा, कारण कायदे बदलत असतात.

आता मधला स्टॉप. १९८६ च्या फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्टमधलं ९२६ए कलम सगळ्यांना तोंडपाठ असतं: निघताय तिथे बंदूक कायदेशीर, पोचताय तिथे कायदेशीर, तर मधल्या स्टेटचा कायदा काहीही असो तुम्हाला जाता येतं. लोक इथेच वाचायचं थांबवतात. पुढची अट अशी की बंदूक अनलोडेड हवी आणि प्रवासात ती किंवा गोळ्या तुमच्या सहज हाताशी नकोत. बॅग विमानाच्या पोटात आहे तोवर ही अट आपोआप पाळली जाते. फ्लाइट चुकली, बॅग तुमच्या हातात आली आणि तुम्ही ती घेऊन हॉटेलवर गेलात, की ते संरक्षण संपलं असं धरून चाला.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. २००५ मध्ये यूटाचा एक माणूस पेनसिल्व्हेनियाला चालला होता, न्यू जर्सीतल्या नेवार्क एअरपोर्टवर त्याची पुढची फ्लाइट चुकली, बॅग ताब्यात मिळाली, रात्री तो ती घेऊन एअरपोर्टजवळच्या हॉटेलात झोपला आणि सकाळी काउंटरवर जाऊन नियमाप्रमाणे प्रामाणिकपणे म्हणाला की माझ्याकडे बंदूक आहे. तिथेच अटक झाली आणि काही दिवस जेलमध्ये काढावे लागले. खटला नंतर मागे घेतला गेला, पण त्याने उलटा दावा लावला तेव्हा २०१० मध्ये थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला: रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती म्हणून ९२६ए लागूच होत नाही. त्याच निकालात कोर्टाने अडकलेल्या माणसाने काय करावं तेही सांगितलंय, बॅग ताब्यात घ्यायच्या आधीच एअरपोर्टवरच्या पोलिसांकडे किंवा स्टाफकडे जा, परिस्थिती सांगा आणि बंदूक रात्रभर सांभाळून ठेवायची विनंती करा. मला विचाराल तर या विषयावर याच्याइतकं कामाचं वाक्य दुसरीकडे कुठे नाही.

माझ्यावर ही वेळ आली ती न्यू हॅम्पशायरला मॅचला जाताना. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी ईशान्येकडच्या एका मोठ्या एअरपोर्टवरून कनेक्शन घेतलं, वादळ आलं, रात्री साडेनऊला फ्लाइट कॅन्सल. काउंटरवरच्या बाईंनी हॉटेलचं व्हाउचर दिलं आणि म्हणाल्या, बॅग खाली पट्ट्यावर येईल, घ्या आणि सकाळी सहाला परत चेक-इन करा. त्या चांगुलपणानेच सांगत होत्या, त्या बॅगेत काय आहे आणि त्या स्टेटचा कायदा काय आहे याची त्यांना कल्पना नव्हती. मी खाली जाऊन पट्ट्यापाशी उभा राहिलो, माझी सुटकेस डोळ्यासमोरून दोनदा फिरून गेली आणि मी तिला हात लावला नाही. बॅगेज ऑफिसमध्ये गेलो आणि हळू आवाजात एवढंच सांगितलं, "या बॅगेत डिक्लेअर केलेली अनलोडेड फायरआर्म आहे, इथे मला ती कायद्याने ताब्यात घेता येत नाही, तुमच्याकडेच ठेवा आणि सकाळच्या फ्लाइटवर टाका." पहिला माणूस नाही म्हणाला. मी सुपरवायझर मागितला, आवाज चढवला नाही पण जागचा हललोही नाही. पाऊण तासाने सुपरवायझर आला, त्याने बॅग आत घेतली, आणि मी त्याच अंगावरच्या कपड्यांत हॉटेलवर गेलो.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे, हँडगन बरोबर असेल तर न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समधून कनेक्शन घ्यायचं नाही, तिकीट दोनशे डॉलर जास्त पडलं तरी चालेल. न्यू हॅम्पशायरला जायचंय तर मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनला उतरायचं नाही, सरळ न्यू हॅम्पशायरमधल्याच मँचेस्टरला उतरायचं, स्टॉप नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटचा घ्यायचा. दिवसातली शेवटची फ्लाइट घेऊ नका. आणि एकाच तिकिटावर शेवटपर्यंत बॅग चेक करा, दोन वेगळी तिकिटं काढलीत की बहुतेकदा मध्ये बॅग उचलावी लागते. एवढं करूनही विमान भलतीकडे उतरलं तर काय करायचं ते वर सांगितलंच आहे: बॅगेला हात लावायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी. हात लागून गेला असेल तर बॅगेज एरियातून बाहेर पडू नका, तिथूनच वकिलाला फोन करा. त्या स्टेटच्या एका वकिलाचा नंबर मी निघायच्या आधीच फोनमध्ये टाकून ठेवतो.

बाकीचं सोपं आहे.

केस हार्ड हवी आणि पूर्ण बंद होणारी. बंदुकीबरोबर दुकानातून आलेला प्लॅस्टिकचा डबा वापरू नका, एका कुलपावर त्याचा कोपरा बोटांनी वर येतो आणि काउंटरवरूनच परत पाठवतात. जेवढी भोकं तेवढी कुलपं. चावी किंवा कोड फक्त तुमच्याकडे असला पाहिजे, म्हणून टीएसए, म्हणजे एअरपोर्टवर सिक्युरिटी तपासणारं सरकारी खातं, त्यांच्या चावीने उघडणारी कुलपं बंदुकीच्या केसला मी कधीच लावत नाही, जरी टीएसए ती चालतात म्हणत असलं तरी. ती बाहेरच्या सुटकेसला लावा.

चेंबर रिकामं, मॅगझिन काढलेलं, घरीच दोनदा बघा. गोळ्या गोळ्यांसाठीच बनवलेल्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या डब्यात, बहुतेक एअरलाइनची मर्यादा ११ पाउंड असते. रिकामं मॅगझिनसुद्धा केबिन बॅगेत चालत नाही.

काउंटरवर "आय हॅव अ‍ॅन अनलोडेड फायरआर्म टु डिक्लेअर" एवढंच म्हणा. केस स्वतःहून उघडू नका, सांगतील तेव्हा आणि सांगतील तिथेच. बंदूक अनलोडेड आहे असं डिक्लेअर करणाऱ्या कार्डावर सही करा, ते बॅगेच्या आत जातं. बाहेर "फायरआर्म" असं लेबल लावायला लावणं फेडरल कायद्यालाच मान्य नाही, कोणी लावायला लागलं तर नम्रपणे थांबवा. मग बॅग स्क्रीन होईपर्यंत तिथेच थांबा आणि फोन चालू ठेवा.

उतरल्यावर काही एअरलाइन बॅग ऑफिसमधून आयडी बघून देतात, झिप-टाय (प्लॅस्टिकची पट्टी) बांधून. ती कापायला खिशात नेलकटर ठेवा.

आणि सिक्युरिटीला जाताना पाठीवरच्या सॅकचे कप्पे परत एकदा तपासा. २०२४ मध्ये टीएसएला चेकपॉइंटवर ६,६७८ बंदुका सापडल्या, त्यातल्या बहुतेक लोडेड. दंड हजारो डॉलरचा होतो, वर प्रीचेक, म्हणजे टीएसएची झटपट तपासणीची सवलत, जातं.

हेच भारतात जाताना दसपट जपा. शूटिंग रेंजला नेलेल्या सॅकच्या शिवणीत अडकलेली एक ९ एमएमची गोळी मुंबई किंवा दिल्लीच्या एअरपोर्टवर निघाली तर आर्म्स अ‍ॅक्टखाली केस होऊ शकते, चुकून राहिली हे कोर्टाला पटेपर्यंत सुट्टी संपते आणि परतीचं तिकीट वाया जातं. आमच्याकडे रेंजच्या सगळ्या बॅगा गराजमध्ये वेगळ्या फळीवर असतात, प्रत्येकीच्या हँडलला लाल रिबन बांधलेली, आणि लाल रिबनची बॅग घरात आणायची नाही हे मुलांनाही माहीत आहे.