जुन्या पिकअपचं छत चॉप करताय? ग्राइंडर उचलायच्या आधी या चुका टाळा

छत चॉप करायचं म्हणजे पिलरमधून, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबांमधून, दोन-तीन इंचाचा पट्टा कापून काढायचा, वरचं छत तेवढं खाली आणायचं आणि परत वेल्ड करायचं. ऐकायला सोपं वाटतं आणि खरं सांगायचं तर कापणं सोपंच आहे, अडतं ते सगळं नंतर. कापलेली केबिन ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून राहिलेली दिसली ना, की समजायचं बहुतेक काचेचा विचार आधी झालेलाच नव्हता.

"काचेचं नंतर बघू"

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. १९४७ ते १९५३ च्या शेव्हरोले पिकअपला पुढे दोन सपाट काचा आहेत आणि मध्ये पट्टी. सपाट लॅमिनेटेड काच (काचेचे दोन थर, मध्ये प्लास्टिक) चांगला काचवाला मापाने कापून देतो, म्हणून या गाड्या चॉपसाठी बऱ्या. पण १९५४ ला त्याच केबिनला एक अख्खी, थोडी वळलेली काच आली, आणि १९५६ ची फोर्ड एफ-१०० घेतली तर काच दोन्ही कडांना वळून पार दरवाजापर्यंत जाते. वळलेली लॅमिनेटेड काच कापता येते, पण दोन्ही थर आणि मधलं प्लास्टिक असं सगळं कापावं लागतं आणि कापताना ती कधी तडकेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे अशी गाडी असेल तर उलट्या क्रमाने जा: आधी काच कापून घ्या, ती धड हातात आली की मगच पत्र्याला हात लावा, म्हणजे चौकट काचेप्रमाणे बनते. नाहीतर काच न कापता तिची खालची कड काउलमध्ये, म्हणजे काचेच्या बुडाशी बोनेटमागे असलेल्या पत्र्यात, खाली बसवता येते किंवा काच थोडी मागे कलती करता येते, ही कामं जास्त आहेत पण काच शाबूत राहते.

आणि टफन (उष्णता देऊन कडक केलेली) काच कापता येतच नाही, कापायला गेलात की चुरा होतो. दरवाजाच्या आणि मागच्या काचा कधीतरी बदललेल्या असतात, तेव्हा कोपऱ्यातला शिक्का वाचा. टफन असेल तर छोट्या मापाची नवीन काच करून घ्यायची.

किती कापायचं हे डोळ्याने ठरवणं

चॉपची पद्धत रुजली ती १९३० आणि ४० च्या दशकात, दक्षिण कॅलिफोर्नियात सुकलेल्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्यांमुळे, त्यांना वारा कमी अडवायचा होता. तुम्हाला ती गाडी रस्त्यावर चालवायचीय. पिकअपची केबिन मुळात आखूड असते, त्यात पाच इंच काढले तर खिडक्यांच्या नुसत्या फटी उरतात आणि बोनेट अंगावर येतं. अडीच-तीन इंच भरपूर झाले, माझं तरी हेच ठाम मत आहे. गाडीचा अगदी बाजूने, लांबून फोटो काढा, मोठा प्रिंट करा आणि कात्रीने कापून सरकवून बघा. मग सीट तिच्या खऱ्या उंचीवर बसवा, काचेवर वरून तेवढी चिकटपट्टी लावा आणि आत बसा. सिग्नल दिसेल का, डोकं छताला लागेल का, वायपर कुठपर्यंत फिरेल, हे सगळं आत्ताच कळतं. पुढच्या काचेबद्दल आणि बॉडी बदलण्याबद्दल तुमच्याकडे काय नियम आहेत तेही याच वेळी बघून घ्या.

आधार न देता कापणं

छत सुटलं की केबिनचा ताठरपणा संपला, ती लगेच फाकते. पण नुसता आधार ठोकूनही उपयोग नाही, क्रम महत्त्वाचा आहे. आधी केबिनच्या खालच्या कोपऱ्यांतला आणि माउंटजवळचा, म्हणजे केबिन चॅसिसला जिथे बसते तिथला, गंजलेला पत्रा बदला, केबिन चॅसिसवर बोल्ट करून लेव्हलमध्ये आणा, दरवाजे लावून फटी सारख्या करा, आणि मग आतून चौकोनी पाईप वेल्ड करा. वाकड्या केबिनला आधार दिलात तर वाकडेपणाच पक्का होतो. खालचा आधार कापायच्या रेषेच्या खाली आणि छताचा वेगळा आधार रेषेच्या वर, नाहीतर छत खाली येताना दोन्ही एकमेकांवर आदळतात. दोन्ही कर्ण मोजा, गुण्यात आहे का बघा, ओळंबा सोडा, मापं केबिनवरच लिहून ठेवा.

छत सरळ खाली येईल असं समजणं

पिलर कललेले असतात. पुढचा पिलर २० अंश मागे कललेला असेल आणि ३ इंच काढले तर वरचं आणि खालचं टोक साधारण एक इंचाने चुकतं, ३० अंश असेल तर पावणेदोन इंच. जुन्या पिकअपचे पिलर बरेच उभे असतात म्हणून फरक कमी, पण केबिन वर निमुळती असल्याने आतबाहेरही थोडं चुकतंच. इथे जॅक लावून जबरदस्तीने जुळवलं की तो ताण वेल्डमध्ये बसतो आणि पुढे पिलरला तडा जातो. त्यापेक्षा पिलरच्या बुडाशी चीर देऊन त्याचा कल थोडा बदला, फरक मोठा असेल तर छत मधून कापून पट्टी घाला. काप पिलरच्या सगळ्यात सरळ आणि एकसारख्या रुंदीच्या भागात घ्या. बाहेरचा आणि आतला पत्रा एकाच उंचीवर कापू नका, पायरी ठेवा. रेषेच्या आत थोडं राखून कापा, जास्तीचं घासता येतं.

एक गोष्ट विसरू नका, बऱ्याच जुन्या पिकअपची पेट्रोल टाकी केबिनमध्येच सीटच्या मागे असते, शेव्हरोलेत तर १९७२ पर्यंत होती. टाकी, अस्तर, सीट, काचा सगळं बाहेर काढा, बॅटरी सोडा. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात, त्या पुसून निघत नाहीत.

एका दमात वेल्ड मारणं

केबिनचा मागचा पत्रा मोठा आणि सपाट, तिथे सलग वेल्ड मारला की लाटा उठल्याच. वेल्डिंगची ०.६ मिमीची तार, इंचभर अंतरावर टाके (वेल्डचे छोटे ठिपके), एक इकडे एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, पाणी मारून घाईने थंड करायचं नाही. सगळं नुसतं टाक्यांवर असतानाच दरवाजे आणि काचेचा नमुना लावून बघा, कारण टाके तोडणं सोपं असतं.

इतकं करूनही काही बिघडलं तर आधी कारण शोधा. पत्रा दाबल्यावर टकटक आतबाहेर होत असेल तर वेल्ड आकसून त्याने बाजूचा पत्रा ओढलाय. अशा वेळी लोक ग्राइंडर फिरवत सुटतात आणि पत्रा कागदासारखा करून ठेवतात. मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून वेल्डवरच हातोडीने हलके ठोके द्या, वेल्ड पसरतो आणि ताण सुटतो. दरवाजाची फट वर पाचरीसारखी होत असेल तर दरवाजाची चौकट कापायच्या आधी केबिनचे कर्ण परत मोजा, बऱ्याचदा दोष केबिनचा असतो आणि शिक्षा दरवाजाला होते. काच बसवताना कोपऱ्यात तडकली तर चौकट एका पातळीत नाही किंवा आत वेल्डची गाठ राहिलीय, म्हणून काचवाल्याकडे जायच्या आधी प्लायवूडचा नमुना रबरासकट बसवून बघा, तो न डुगता बसला पाहिजे. दरवाजाची काच आता छोटी झाली, तर ती वर कुठे थांबणार आणि ती ज्यात सरकते ती चॅनल कुठवर येणार तेही याच टप्प्यावर ठरवा.

पाणी आत येत असेल तर दरवाजावरची पन्हळ बघा, कापून जोडलेल्या ठिकाणी बारीक छिद्रं राहतात आणि त्यावर पुट्टी भरली की काही महिन्यांत आतून गंज वर येतो. रंगाच्या आधी आत दिवा लावून अंधारात बाहेरून बघा, प्रकाश दिसेल तिथे वेल्ड मारा, सीलर भरा, मग पाइपने पाणी मारून तपासा आणि अस्तर त्यानंतरच लावा.