करिअर डेवरून रिकाम्या हाताने परतायचं नसेल तर या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीनं), तीन जुने लेथ, सात माणसं. बडोद्यातल्या कॉलेजांत उद्योजकतेचा करिअर डे असला की गेली काही वर्षं मला एका टेबलामागे बसायला बोलावतात. स्टेजवर मोठे पाहुणे बोलतात आणि हॉलच्या कडेने आम्ही दहा-बारा जण बसतो. त्यात बँकेचे अधिकारी असतात, सीए असतात, घरगुती पदार्थांचं युनिट चालवणाऱ्या एखाद्या ताई असतात. मुलांनी जवळ यावं, विचारावं, ओळख करून घ्यावी, एवढ्यासाठीच आम्ही तिथे असतो.

बरीच मुलं पिशवी, पेन आणि सर्टिफिकेट घेऊन घरी जातात. भाषण ऐकून डोळे चमकलेले असतात, पण संध्याकाळपर्यंत हातात काही उरत नाही. ही मुलं आळशी नसतात. अशा दिवशी नेमकं काय करायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ओळखीला वशिला समजू नका

ही चूक आपल्या मराठी मुलांत जास्त दिसते. आपली बरीच घराणी गायकवाडांच्या राज्याच्या नोकरीमुळे इथे आली आणि स्थिरावली. घरात नोकरीचा मान मोठा. 'आपल्या गुणांवर मिळव, कुणापुढे हात पसरू नकोस' हे दांडिया बझारातल्या प्रत्येक आजीने नातवाला सांगितलेलं असतं. शिकवण चांगलीच आहे. पण तिचा अर्थ मुलं असा लावतात की अनोळखी माणसाशी बोलायला जाणं म्हणजेच हात पसरणं. मग ती टेबलापासून चार पावलांवर उभी राहतात, माहितीपत्रक वाचल्यासारखं करतात आणि निघून जातात.

वशिला म्हणजे दुसऱ्याच्या हक्काचं आपल्याला मिळावं म्हणून लावलेली माणसं. 'तुम्ही हे काम कसं करता?' असं विचारण्यात कुणाचंच काही जात नाही. याच शहराचा इतिहास पाहा. महाराज सयाजीरावांच्या काळात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली, तेव्हा त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक तिची धुरा सांभाळत होते. पुढे १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी राहिली, ती गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या तिघांच्या एकत्र येण्यातून. एक गुजराती प्राध्यापक, एक मराठी माणूस आणि एक गुजराती उद्योजक. ते एकमेकांशी बोललेच नसते तर? मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण त्यात भांडवलाच्या आधी ओळख आली.

'सर, यशाचं रहस्य काय?'

हा प्रश्न विचारू नका. उत्तर देणाऱ्यालाही मेहनत, सातत्य आणि आईवडिलांचे आशीर्वाद यापलीकडे काही सुचत नाही. तो खोटं बोलत नसतो, तुमच्या प्रश्नात त्याला धरायला काही नसतं.

प्रश्न कामाच्या एका तुकड्यापुरता ठेवा. 'तुमची पहिली ऑर्डर कुणी दिली, आणि नवख्या माणसाला का दिली?' हे विचारून बघा, समोरचा खुर्ची पुढे ओढून बोलायला लागेल. 'माल दिल्यावर पैसे किती दिवसांनी येतात?' हा तर आमच्या धंद्यातला सगळ्यात खरा प्रश्न. त्यावर मी तुम्हाला सांगेन की उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु युनिटचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं लहान उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा म्हणतो. आणि हेही सांगेन की कायदा हातात असून लहान माणूस मोठ्या गिऱ्हाइकापुढे तो काढायला का कचरतो. हे दुसरं उत्तर तुम्हाला पुस्तकात मिळणार नाही. त्यासाठीच यायचं असतं.

बँकेच्या टेबलावर 'लोन मिळेल का?' विचारलं की 'मिळेल, शाखेत या' एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी आधी एखाद्या मशीनचं कोटेशन काढून न्या. 'मशीन एक लाख ऐंशी हजारांचं आहे, माझ्याकडे चाळीस हजार आहेत, बाकीची रक्कम सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत बसते का?' असं विचारलंत तर अधिकारी तुमच्याकडे नीट बघतील. ५० हजारांपर्यंत शिशू, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, हे गट ते समजावून सांगतील आणि कागद कोणते लागतील याची यादी तिथेच लिहून देतील.

मागे एका मुलीने असा प्रश्न विचारला की मी अजून विसरलेलो नाही. तिची आई रावपुऱ्यात घरी चकल्या आणि भाजणी करून विकते. मुलगी त्या पदार्थवाल्या ताईंकडे गेली आणि म्हणाली, "काकू, पाकिटावर काय काय छापावं लागतं?" बस्स, एवढंच. ताईंनी आपलं पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि बोट ठेवून एकेक गोष्ट दाखवली : घटक पदार्थ, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याच्या परवान्याचा) नंबर, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह. अर्धा तास चाललं ते. शेवटी ताईंनी स्वतःच्या पाकीटवाल्याचा नंबरही दिला. धंद्यात आपला पुरवठादार कुणी असा सहज सांगत नाही.

सगळेच स्टेजकडे धावतात

भाषण संपलं की मुख्य पाहुण्यांभोवती शंभर मुलांचा गराडा पडतो. प्रत्येकाला फोटो हवा असतो. त्या गर्दीत पाहुण्यांना तुमचं नावही ऐकू येत नाही. तीच वीस मिनिटं कडेची टेबलं रिकामी असतात. तेव्हा तिकडे जा. चहाच्या रांगेत उभे असलेले सीए, माईक लावणारा साउंडवाला (तोही आपला धंदा चालवत असतो, आणि हंगामी धंद्यातली पैशाची ओढाताण त्याच्याइतकी कुणाला कळत नाही), मागच्या वर्षी पास होऊन काहीतरी सुरू केलेली सीनियर मुलगी, ही सगळी बोलायला मोकळी असतात.

आणखी एक. आपल्याच टोळक्यात बसू नका. चार मित्र एकत्र आले, एकत्र बसले, एकत्र सेव-उसळ खायला गेले, तर तो दिवस मैत्रीचा झाला, करिअरचा नाही. मार्क ग्रॅनोवेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निरीक्षण मांडलं. बॉस्टनजवळच्या एका गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून या जागेबद्दल कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? बहुतेकांची उत्तरं 'कधीमधी' किंवा 'क्वचित' अशी होती. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. म्हणून निदान जेवणाच्या वेळी तरी अनोळखी टेबलावर बसा.

इंग्रजीची वाट बघत थांबू नका

आपली मुलं घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि कॉलेजात हिंदी अगदी सहज बोलतात. तरीही करिअर डेला आली की इंग्रजी वाक्य मनात जुळवत उभी राहतात आणि तोपर्यंत समोरचा माणूस निघून जातो. बडोद्याचा बाजार गुजरातीत चालतो. 'केम छो, मारे एक वात पूछवी छे' असं म्हणून सुरुवात केलीत तरी मकरपुऱ्यातला कुठलाही कारखानदार तुम्हाला बसायला सांगेल. तीन भाषा येणं ही तुमची कमाई आहे, ती लपवू नका.

स्वतःची ओळख मात्र घरून तयार करून या. नाव, काय शिकता आणि सध्या हाताने काय करता. 'मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि काकांच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार काम करतो' एवढं पुरतं. 'मला स्टार्टअप करायचंय' याने काही कळत नाही, गॅरेज म्हटलं की लगेच बोलणं सुरू होतं. काही मुलं आयडिया चोरीला जाईल म्हणून गप्प राहतात. सात माणसांचा पगार, वीजबिल आणि रिजेक्ट होऊन आलेला माल सांभाळणाऱ्याला तुमची आयडिया उचलायला वेळ नसतो. थोडं मोकळं बोला.

दुसऱ्या दिवशी सगळं थंड पडतं

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. मी पंचविशीत असताना एका प्रदर्शनात एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्यांनी मला कार्ड दिलं आणि 'ड्रॉइंग पाठवतो, फोन करा' म्हणाले. मी भिडेपोटी महिनाभर फोन केला नाही. त्यांना वाटेल हा मागे लागलाय, असं मनात यायचं. शेवटी फोन केला तेव्हा ते काम दुसऱ्याकडे गेलं होतं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही फोन केला नाहीत, मला वाटलं तुम्हाला नको असेल." आपला संकोच समोरच्याला अनास्था वाटतो, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी मेसेज करा. नुसतं 'हाय सर' नको. असं लिहा : 'नमस्कार, काल करिअर डेला भेटलो होतो. मी गॅरेजमध्ये काम करणारा मेकॅनिकलचा विद्यार्थी. तुम्ही जॉबवर्कचा दर मशीनच्या तासावर काढायला सांगितलात. या आठवड्यात आमच्या गॅरेजसाठी तसा हिशोब मांडून बघतो.' यात काही मागितलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला तुम्ही आठवता. नंबर सेव्ह करताना नावापुढे काय बोलणं झालं ते दोन शब्दांत टाका, नाहीतर महिन्याभराने 'पटेल सर करिअर डे' अशी तीन नावं दिसतील.

आणि काहींचं उलटं होतं

भाषणाने पेटून उठून काही मुलं सोमवारीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायला निघतात. घाई करू नका. एक रुपयाची विक्री नसली तरी अशा कंपनीला दरवर्षी ऑडिट आणि सरकारी फाइलिंग चुकत नाही, आणि त्याची फी सुरूच राहते. सुरुवातीला एकट्याच्या मालकीचा धंदा पुरतो. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारच्या आधारे होते आणि तिला एक पैसाही लागत नाही, त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा भेटला तर उठून या. 'आजच भरलंत तर निम्म्या फीमध्ये' असा कोर्स हॉलच्या दारात कुणी विकत असेल, तर तोही त्या दिवशी घेऊ नका. घरी बोला, आठवडा जाऊ द्या.

उत्तरच आलं नाही तर?

बहुतेक वेळा येत नाही. माणूस शॉप फ्लोअरवर असतो, मेसेज खाली जातो. आठ-दहा दिवसांनी एकदा पुन्हा लिहा, पण 'मेसेज बघितला का?' असं नको. मधल्या काळात तुम्ही काय केलंत ते सांगा. तेवढ्यावरही शांतता असेल तर त्या माणसाला सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका.

मागच्या खेपेला भेटलेल्या एका मुलाच्या दोन मेसेजना मी उत्तर दिलं नव्हतं. त्या वेळी एक मशीन बंद पडलं होतं आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चार महिन्यांनी त्याने एक फोटो पाठवला. ड्रिलिंगसाठी त्याने स्वतः जिग (भोक नेमक्या जागी पडावं म्हणून काम धरून ठेवणारा साचा) बनवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'काका, भोक अजून अर्धा मिलीमीटर सरकतंय, क्लॅम्प कुठे चुकतोय?' मी फोटो मोठा करून बघितला आणि त्याला लगेच फोन लावला. शनिवारी दुपारी तो जिग घेऊन शॉपवर आला.