ए/थायलंड/८/२०२२ हे नक्की वाचायचं कसं?

आईला फ्लूची लस द्यायला नेलं होतं, नंबर येईपर्यंत खोक्यातला कागद वाचत बसलो तर त्यावर ए/थायलंड/८/२०२२ (एच३एन२) असं गाडीच्या नंबरप्लेटसारखं काहीतरी. आई म्हणे, लस थायलंडची आहे का रे? नाही गं, लस कुठेही बनते, हा पत्ता व्हायरसचा.

स्लॅशवर तोडत वाचत जा. ए हा फ्लूचा प्रकार, थायलंड म्हणजे नमुना मिळाला ती जागा, ८ हा लॅबने दिलेला नंबर, शेवटी वर्ष. कंसातले एच आणि एन म्हणजे व्हायरसच्या अंगावरची दोन प्रोटीनं, एच पेशीला चिकटायला आणि एन नवीन तयार झालेले व्हायरस पेशीपासून सुटायला. माणसाचा नमुना असेल तर वेगळं काही लिहीत नाहीत, पण ए/गूज/ग्वांगडोंग/१/१९९६ (एच५एन१) असं दिसलं तर तो चीनमधल्या हंसाचा, बर्ड फ्लूवाला.

व्हायरसची फॅमिली, म्हणजे कूळ, ओळखायला शास्त्रीय नावाचं शेपूट बघायचं, शेवटी 'व्हिरिडी' आलं की फॅमिली. फ्लू ऑर्थोमिक्झोव्हिरिडीतला, कोविड कोरोनाव्हिरिडीतला. आणि इथेच लोक फसतात, कारण फॅमिली आजारावरून नाही, व्हायरसच्या जीन्सवरून आणि बांधणीवरून ठरते. आपला चांदीपुरा व्हायरस घ्या, १९६५ मध्ये नागपूरकडे तापाच्या पेशंटमध्ये सापडला म्हणून बिचाऱ्या गावाचं नाव त्याला चिकटलं. तो ऱ्हॅब्डोव्हिरिडीतला, म्हणजे रेबीजचा भाऊबंद, पण पसरतो वाळूमाशीने, कुत्रा चावून नाही. आडनाव एक म्हणून स्वभाव एक असं नसतं.

असली गावांची नावं नकोत म्हणूनच कोविडच्या बी.१.६१७.२ या व्हेरियंटला सगळे 'इंडियन व्हेरियंट' म्हणायला लागल्यावर डब्ल्यूएचओने मे २०२१ मध्ये ग्रीक अक्षरं आणली आणि तो डेल्टा झाला. पुढे न्यू (Nu) आणि क्साय (Xi) ही अक्षरं सोडून थेट ओमिक्रॉन, कारण एक इंग्रजीतल्या 'नवीन'सारखं ऐकू येतं आणि दुसरं चक्क लोकांचं आडनाव आहे.

बाकी टिंबांची नावं वंशावळीसारखी वाचायची, प्रत्येक टिंब म्हणजे पुढची पिढी, अक्षरांनंतर तीन आकडे झाले की मग नवीन अक्षरं देतात. म्हणून बीए.२.८६.१.१ चं जेएन.१ झालं, लोकांना वाटलं कुठून नवीनच काहीतरी आलं, पण ते ओमिक्रॉनचंच खापरपणतवंड. एक्सने सुरू होणारं, उदाहरणार्थ एक्सबीबी, असेल तर दोन किंवा जास्त व्हेरियंटची सरमिसळ झालेली समजायची.